फुगवलेली मशक

पांढरीला शोधून परत आणायचं होतं, तेही फातिमाता बाळंत होण्याआधी! या मोहिमेचा हेतू एवढाच होता. फातिमाता पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, आणि कळपातल्या सर्वांत दुधाळ सांडणीचं, म्हणजे या पांढरीचं, दूध लेकीच्याच तंबूत जायचं, हे तिच्या आईने, तेहितने, केव्हाच ठरवून टाकलेलं. पण पांढरीही गाभण होती. वेळ जवळ आली तशी तिने पायाचं बंधन तोडलं आणि जिथे ती स्वतः जन्मली होती तिकडे चालती झाली.

तिकडे म्हणजे युफ अहाकितला. वाळवंटातल्या तामनरासेत शहराच्या दक्षिणेला वाळूतून दगडांचं रानच्या रान उगवलंय. कुठे छत्रीसारखे, कुठे एका पायावर उभे, कुठे दोघांनी डोकी एकत्र टेकवून कुजबुजावं तसे. या नावाचा अर्थ 'तंबूहून बरं' असा होतो. नाव ठेवणाऱ्याने ते हिवाळ्यात ठेवलं असावं.

फातिमाताचा नवरा बिस्का या राखीव रानाचा रखवालदार होता. वर्षाकाठी येणाऱ्या मोजक्या पाहुण्यांना तो हत्तीचा दगड, कमानीचा दगड दाखवत हिंडवायचा. वाट त्याला ठाऊक होती. पण पांढरी हाकेला ओळखायची ती फक्त तेहितच्या. म्हणून सासू-जावयांना एकत्र निघणं भाग पडलं, आणि खरी पंचाईत तिथेच होती. आमच्यात पुरुष निळीने रंगवलेल्या कापडाने तोंड झाकतात, आणि जावयाने सासूसमोर ते कापड खाली करायचं नसतं. म्हणजे खायचं नाही, प्यायचं नाही, आणि जमेल तितकं थेट बोलायचंही नाही. मरुभूमीत, ऐन उन्हाळ्यात, अशा सोबतीने जायचं म्हणजे कठीणच!

मध्ये बोलायला म्हणून बिस्काचा मामेभाऊ खामा बरोबर घेतला. मामे-आतेभावांनी एकमेकांची यथेच्छ टिंगल करायची हाही आमचा रिवाजच, आणि तो खामा अगदी मनापासून पाळायचा. तेहित पुढे, बिस्का मागे, दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत असे. तरी प्रत्येक निरोप खामाच्या तोंडून जायचा आणि जाताना थोडा तिखट व्हायचा. "मावशी म्हणते, डावीकडून चल," असा निरोप आला की त्याला जोडून, "आणि म्हणते, लेकीसाठी दुसरा मुलगा पाहायला हवा होता," हेही यायचं. तेहित पुढून घसा खाकरायची. बिस्का उंटाच्या मानेकडे बघत बसायचा.

रानाच्या तोंडाशी दगडात पाण्याचं टाकं आहे. तिथे मशका, म्हणजे पाण्याच्या कातडी पिशव्या, भरताना खामा शेवाळावरून घसरला आणि त्याचा घोटा बघता बघता टम्म फुगला. त्याला सावलीत बसवून दोघांनाच पुढे जावं लागलं. खामाला त्याचं फारसं दुःख झालं नाही.

आता निरोप कोण नेणार? तेहितने क्षणभर विचार केला आणि बिस्काच्या उंटाकडे वळली. "उंटा, तुझ्या धन्याला सांग, मागे राहू नकोस." बिस्काने उंटाच्या कानात म्हटलं, "सांग त्यांना, येतोच आहे." उंटाने रवंथ थांबवला नाही, पण काम चाललं.

पुढे वाट एका चिंचोळ्या खिंडीत शिरली. दोन्ही अंगांना लाल कातळ, वर आभाळाची नुसती पट्टी. बिस्काचा उंट अचानक बुजला. कातळाला घासला. टर्रर्र! कपारीच्या धारदार कडेने बिस्काची मशक उभी फाडली आणि बिस्का हात लावेपर्यंत पाणी वाळूत जिरून गेलं.

तेहित वळणापलीकडे होती. तिला काहीच दिसलं नव्हतं.

शहाण्या माणसाने हाक मारली असती. पण हाक मारून म्हणायचं काय? मला तुमच्या मशकेतलं पाणी द्या? सासूसमोर तहानेचं नाव काढायचं? तेही या रानाच्या रखवालदाराने, ज्याला स्वतःची एक मशक राखता आली नाही! बिस्काने मशकेची चीर दोरीने घट्ट आवळली, तोंड लावलं आणि फुंकर घालून घालून ती टम्म फुगवली. लांबून बघणाऱ्याला ती भरलेलीच वाटावी. स्वतःच्या हुशारीवर तो जरा खूशही झाला.

"उंटा, धनी पाणी प्यायला का?" तेहितने थोड्या वेळाने विचारलं.

"सांग त्यांना, पोटभर," बिस्का म्हणाला.

दुपारी वारा उठला. आधी वाळूची सळसळ, मग आभाळच पिवळं झालं. छत्रीच्या दगडाखाली एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो, मध्ये दोन्ही उंट, असे ते दबून बसले. वारा पडला तेव्हा बिस्काची जीभ टाळ्याला चिकटली होती. तेहितने पुन्हा उंटाला विचारलं. उंटाला पुन्हा तेच उत्तर मिळालं. तिने या खेपेला मशकेकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

दिवस कलू लागला आणि तेहित एकदम उंटावरून खाली उतरली. वाळूवर माग होता! वादळानंतरचा, ताजा. मोठ्या पावलांच्या बाजूला चिमुकली पावलं. पांढरी व्यायली होती! तेहितने हात तोंडाशी नेऊन लांबलचक हाक घातली. दगडांनी ती एकमेकांकडे दिली. आणि पलीकडच्या सुळक्यांमागून उत्तर आलं. पांढरीचाच हंबरडा!

बिस्काही उतरला. त्याला आनंदाने काहीतरी म्हणायचं होतं. त्याच्या डोळ्यांपुढे हत्तीचा दगड हळूच आडवा झाला. मग वाळू गालाला लागली.

त्याला सगळं ऐकू येत होतं, फक्त हात-पाय हलत नव्हते. तेहितची धावती पावलं ऐकू आली. मग फुस्स असा आवाज. मशकेतली हवा गेली.

"भरलेल्या मशकेला घाम येतो," तेहित म्हणाली. "ही सकाळपासून कोरडी आहे. आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं."

पांढरी पुन्हा ओरडली. बिस्काला कळत होतं, आता सासूबाई काय करणार यावर सगळं आहे. मशक एकच उरली होती. ती त्याच्यावर खर्च केली तर इथूनच टाक्याकडे फिरावं लागणार. सुळक्यांमागे जायला पाणी उरणार नाही, आणि पांढरी पुन्हा हाकेच्या टप्प्यात येईलच असं नाही. त्याने मान हलवून नको म्हणायचा प्रयत्न केला. मान हलली नाही.

"गप पड," तेहित म्हणाली. आणि हे उंटाला नव्हतं, थेट त्यालाच होतं. "सांडणी मला दुसरी मिळेल. जावईही मिळेल म्हणा, पण इतका मूर्ख शोधूनही सापडायचा नाही, आणि माझ्या लेकीचा जीव याच मूर्खावर आहे. माझाही बसलाय."

तिने त्याच्या तोंडावरचं कापड खाली ओढलं. बिस्काने लाजेने डोळे मिटायला घेतले आणि तेवढ्यात त्याला दिसलं, सासूबाईंनी स्वतःचेच डोळे घट्ट मिटून घेतले होते! मशक चाचपडत आली. पहिली धार नाकात गेली, दुसरी कानात. मग तिने तळहाताने त्याची हनुवटी शोधली, धरली, आणि पाणी बरोबर घशाखाली उतरू लागलं. मग तिने त्याचं तोंड पुसलं, कापड नीट वर केलं, आणि मगच डोळे उघडले.

त्याला उंटावर बांधून ती परत फिरली. पांढरीची हाक मागे मागे पडत गेली. तेहितने एकदाही वळून पाहिलं नाही. तिच्या खांद्यांवरून मात्र बिस्काला समजत होतं की तिला किती जड जातंय ते.

रात्री थोडी विश्रांती घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी ते टाक्यापाशी पोचले. खामा झाडाखाली पाय पसरून बसला होता. शेजारी पांढरी उभी होती आणि तिच्या पोटाखाली लटपटत उभं पिल्लू!

"व्यायलेल्या सांडणीला पाणी लागतं, मावशी," खामा म्हणाला. "ती रात्रीत माझ्याकडेच आली. तुम्ही दोघं दगड बघायला गेला होता वाटतं?" मग त्याची नजर तेहितच्या हातावर गेली. बिस्काच्या कापडाची नीळ तिच्या तळहाताला लागली होती. खामाने तोंड उघडलं, तेहितने त्याच्याकडे पाहिलं, आणि रिवाज असूनही त्याने ते मिटलं.

फातिमाताला मुलगी झाली तेव्हा पांढरीच्या दुधाचं भांडं तंबूत होतं. बिस्का बाहेर उंटापाशी बसून आतलं बोलणं ऐकत होता.

"हनुवटी अगदी बापाची घेतलीय हिने," तेहित कौतुकाने म्हणाली.

"आई," फातिमाता हळूच म्हणाली, "तू त्यांची हनुवटी कधी पाहिलीस?"

तेहितचा आवाज मोठ्याने बाहेर आला. "उंटा, तुझा धनी पाणी प्यायला का रे?"

"सांग त्यांना, पोटभर," बिस्का म्हणाला. या खेपेला ते खरं होतं.