शेजारची पियू

राजारामपुरीत, औषधाच्या दुकानावर एक जिना चढून गेलं की मुलांचं थेरपी सेंटर होतं. त्या जिन्यातच वर्षाराणी आणि धैर्यशीलची पहिली गाठ पडली... आणि तीही अगदी नको त्या वेळी.

लाईट गेली होती. खाली दुकानदारानं जनरेटर सुरू केला, आणि त्या घरघरीनं आठ वर्षांची पियू कानांवर हात दाबून पायरीवरच बसली, किंचाळायला लागली. वर्षाराणी तिच्याजवळ वाकून म्हणत राहिली, "संपेल हं आता, पियू... संपेल." पियूचा आवाज जनरेटरच्याही वर गेला. दुकानात औषध घ्यायला आलेली एक बाई मान उंचावून म्हणाली, "पोरीला जरा वळण लावा की वो. तुमचीच न्हवं?"

वर्षाराणीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पियू तिची सख्खी बहीण, सोळा वर्षांनी धाकटी. लोक कधी तिला पियूची आई समजत, कधी पियूला वेडी. गेल्या वर्षी 'घरात असं पोर आहे' म्हणून तिचं जुळत आलेलं लग्न मोडलं होतं. तेव्हापासून पाहुणे आले की आई पियूला मागच्या खोलीत नेऊन बसवायची. ते सगळं एकदम घशाशी आलं आणि ती बोलून गेली—

"माझी नाही. शेजारची आहे."

मागून एक तरुण जिना चढत होता, सहा वर्षांच्या मुलाचा हात धरून. तो बाईला म्हणाला, "मावशी, तुमच्या गोळ्या घ्या आन् जावा की. आवाज सोसत न्हाय तिला." मग खाली जाऊन त्यानं दुकानदाराला जनरेटर घटकाभर बंद करायला लावला. शांत झालं. पियू हुंदके देत देत थांबली.

"मी धैर्यशील. पेठ वडगावचा," तो म्हणाला. "आन् ह्यो राजवीर, आमच्या आक्काचा. माझा भाचा. ह्यालाबी असंच हुतंय."

स्वतःचं नाव सांगावं तितक्या सहज त्यानं 'माझा भाचा' म्हटलं. वर्षाराणीनं आपलं नाव सांगितलं. पुढचं खरं मात्र ओठांवर आलंच नाही.

दोन्ही मुलांची वेळ एकच होती, मंगळवार आणि शुक्रवार. आत थेरपिस्ट निशा मॅडम साबणाचे फुगे सोडायच्या आणि थांबायच्या. पियूनं फुग्याचं चित्र हातात दिलं की लगेच फुगे उडायचे. हळूहळू चित्राच्या जागी तिच्या तोंडून 'फु' आला. बाहेर एकुलत्या एका बाकावर ही दोघं.

"तुम्ही क्लासात गणित शिकवताय म्हणं. पोरं भीत असतील."

"तुम्ही भिता का?"

"दहावीला पस्तीस मार्क काढल्यात मी. गणिताला लांबनंच नमस्कार."

"मग इतक्या जवळ कसे बसलात?"

"बाकडं बारकं हाय की... माझा काय दोष?"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी अशी हसली. पण मग तो म्हणाला, "खरं सांगू? राजवीरचा बाप ह्यो जिना चढत न्हाय. दाजींना लाज वाटती म्हणं, पोटच्या पोराची. आन् तुम्ही शेजारच्या पोरीसाठी क्लास सोडून येताय... तुमच्यासारखं माणूस मी बघितलं न्हाय."

वर्षाराणी फरशीकडे बघत राहिली. आज सांगते, असं ती दर खेपेला ठरवायची. आणि दर खेपेला त्याच्या डोळ्यांतलं ते कौतुक बघून गप्प बसायची. निशा मॅडम बाहेर येऊन काही सांगू लागल्या, तर तीच घाईनं त्यांना आत न्यायची.

एका दुपारी रिपरिप लागली होती. त्यानं आपली छत्री तिच्यावर आणि पियूवर धरून दोघींना रिक्षापर्यंत पोचवलं. स्वतः चिंब भिजला. छत्री सावरताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... आणि कुणीच ती लगेच काढली नाहीत. रिक्षा निघाली तरी तिच्या हातावर तो ओला स्पर्श होता. मग तिचं लक्ष पियूकडे गेलं. पडद्याच्या प्लॅस्टिकला कपाळ टेकवून पियू आपल्याशीच गुणगुणत होती. हिला नाकारून आपण हे सुख घेतोय, असं वाटून वर्षाराणीला स्वतःचा हातच नकोसा झाला.

पुढच्या मंगळवारी दार उघडलं. आतापर्यंत एकही नातं तोंडानं न उच्चारलेली पियू सरळ चालत आली. नजर भिंतीकडेच होती, पण वर्षाराणीची ओढणी तिनं घट्ट धरली.

"ताई," ती म्हणाली.

"मी काही सांगितलं नव्हतं," निशा मॅडम हसून म्हणाल्या. "आपणहून बोलली."

धैर्यशीलचे डोळे भरून आले. "बघा... शेजारची पोरगी ताई म्हणतीया. नशीब लागतंय."

निशा मॅडमनी चमकून वर्षाराणीकडे बघितलं, आणि त्या आत गेल्या. ताई तर कुणालाही म्हणतात. गप्प बसलं असतं तर खोटं तसंच पचलं असतं. पण ओढणीला ओढ बसत होती.

"शेजारची नाही," ती म्हणाली. "माझी सख्खी बहीण आहे. त्या दिवशी जिन्यात... मला लाज वाटली."

तो बाकावरून उठला. "मला कधी सांगणार हुता?"

"सांगणारच नव्हते बहुतेक."

"दाजी लाजून घरात बसत्यात. पण निदान पोरगं माझं न्हाय, असं कधी म्हटलं न्हाय त्यांनी."

राजवीरचा हात धरून तो जिना उतरून गेला.

शुक्रवारी राजवीरला घेऊन त्याची आई आली. वर्षाराणीला मान वर करून त्या माऊलीकडे बघवलंसुद्धा नाही. रविवारी कऱ्हाडचे पाहुणे तिला बघायला आले. पियू मागच्या खोलीत होती. वर्षाराणी उठली, तिला हाताला धरून बाहेर घेऊन आली. "ही माझी बहीण. हिला ऑटिझम आहे." पियूनं पाहुण्यांच्या पोह्यांतले शेंगदाणे वेचून खाल्ले. पाहुणे चहाला थांबले नाहीत. आई रात्रीपर्यंत बोलली नाही, आणि वर्षाराणी पियूच्या उशाशी बसून रडली. एवढं साधं करायला आपल्याला आठ वर्षं लागली.

मंगळवारी धैर्यशील आला. बाकाशेजारी उभाच राहिला.

"मी जरा जास्तच बोललो."

"नाही. बरोबर बोललात."

"राग धरून बघितला. जमंना. आमच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गिऱ्हाईक ट्रॅक्टरचा पट्टा मागतंय आन् मी त्याला फिल्टर देतोय." तो थांबला. "एक सांगू? चांगल्या हाय म्हणून आवडत हुता तुम्ही मला. ते गेलं. आता... नुसत्याच आवडता."

वर्षाराणीचे डोळे वाहायला लागले. "माझी लाज अजून गेलेली नाही. काल बसमध्ये लोक बघायला लागले, तर माझी मान खालीच गेली. मी अशीच आहे, धैर्यशील."

"असू दे की. एका दिवसात कुणाची जाती?"

आतून फुग्यांमागं पळणाऱ्या मुलांचा गलका येत होता. तिनं डोळे पुसले.

"मलाही तुम्ही..." ती अडखळली. मग मान वर करून, त्याच्याकडे बघत, तिनं ते पुरं केलं.

"आवडता."