एकच डाव, आग्रह नाही

मी हॉटेलच्या मागच्या मोरीत गेले, तर एक अनोळखी माणूस शर्टाच्या बाह्या सरसावून ताट घासत बसला होता.

आमच्या नोकरांपैकी नव्हता. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेन्सिली. स्वतःचं ताट घासून झालं होतं आणि आता दुसऱ्याच कुणाचं तरी चाललं होतं.

"अहो, कोण तुम्ही? हे काय चाललंय?"

तो धडपडून उभा राहिला. "बाहेर पाटी आहे ना... स्वयंसेवा. ताट आपणच घ्यायचं, आपणच न्यायचं... म्हटलं, घासायचंही आपणच असणार."

"आणि हे दुसरं कुणाचं?"

"एक आजोबा होते... त्यांना वाकवत नव्हतं."

मला हसू आवरेना. तो इतका लाल झाला, की मला त्याची दया आली. दया आली असं मी तेव्हा समजले — दुसरं काही असेल हे डोक्यातही नव्हतं.

तर असा हा नंदकुमार परब. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत ड्राफ्ट्समन, राहायला मुलुंडला. आणि मी मालन सावंत, घाटकोपरच्या भटवाडीतली. बाबांची गिरणी संपात बंद पडली म्हणून 'अन्नछाये'च्या मरोळ शाखेत वाढपी म्हणून लागलेली.

तेव्हा, म्हणजे त्र्याऐंशी साली, 'अन्नछाया' अगदी जोरात होती. आमचे मालक कर्णिकसाहेब एकदा परदेशात रांगेत उभं राहून, हातात ताट घेऊन जेवून आले आणि तिथून त्यांनी हे खूळ आणलं. मुलुंडला पहिली शाखा निघाली, तेव्हा लोक नुसती गंमत बघायला यायचे आणि जेवून जायचे. बघता बघता घाटकोपर, अंधेरी, बोरिवली आणि मरोळ अशा पाच शाखा झाल्या. सगळा स्वयंपाक घाटकोपरला व्हायचा आणि टेम्पोतून सगळीकडे जायचा.

साहेबांचा नियम एकच, पण कडक. भिंतीवर रंगवूनच घेतला होता : 'उसळीचा एकच डाव. आग्रह नाही.'

आता मला सांगा, माझ्यासारख्या मालवणी घरातल्या मुलीने समोरच्याला आग्रह न करता वाढायचं म्हणजे काय शिक्षा! बाकीच्यांच्या बाबतीत मी नियम पाळला. नंदकुमारच्या बाबतीत नाही. मोरीतल्या त्या दिवसानंतर तो रोज यायला लागला, बरोबर एक वाजून वीस मिनिटांनी, आणि मला वाटायचं, बिचाऱ्याचं घरी करणारं कुणी नसेल. मी हळूच दुसरा डाव टाकायची. तो ताटाकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग आवंढा गिळायचा.

"पुरे... पुरे ना."

"लाजू नका. खा."

खाली मान घालून तो सगळं संपवायचा. ताटात शीत राहायचं नाही. मी मनात म्हणायची, काय हा माणूस उसळीचा वेडा! दुसऱ्या दिवशी तीन डाव.

"आवडते ना?" मी एकदा विचारलं.

"हो म्हणजे... तुमच्या हातची..."

"माझ्या हातची कुठली? घाटकोपरहून येते. टेम्पोतून."

"मग... टेम्पो छान चालवतात."

असं बोलणं. त्यापुढे काही बोलेल म्हणून मी थांबायची, तोवर मागून कुणीतरी ओरडायचं, "ओ मिस्टर, सरका ना पुढं!" आमच्या रांगेत थांबायची सोयच नव्हती.

मग 'अन्नछाये'चे ग्रह फिरले. सुरुवात बोरिवलीला झाली. एका गृहस्थांनी नव्या व्याह्यांना मोठ्या हौसेने जेवायला आणलं आणि व्याह्यांना हातात ताट घेऊन रांगेत उभं राहावं लागलं. व्याही म्हणाले, "मुलगी दिली, आता आम्ही ताटंही उचलायची?" ते जे रुसले, ते न जेवता घरी गेले! ही गोष्ट बोरिवलीभर झाली. व्याह्यांना नेता येत नाही ते हॉटेल कसलं? गिऱ्हाईक तुटलं, शाखा बंद. मुलुंडच्या बायकांनाही एव्हाना गंमत पुरे झाली होती. "घरी आम्हीच वाढतो आणि पैसे देऊन इथंही आम्हीच?" म्हणत त्या शेजारच्या उडप्याकडे जाऊन ऐटीत बसू लागल्या. मुलुंडही गेलं. टेम्पो रस्त्यात अडकायचा, आमटी मरोळला पोचेपर्यंत आंबायची. शहाऐंशीत मरोळही बंद झालं.

मला अंधेरी स्टेशनजवळच्या शाखेत पाठवलं. मी मनात म्हटलं, संपलं. त्याची कंपनी मरोळला, जेवणाची सुट्टी जेमतेम तासाभराची. पहिल्या दिवशी वाढताना माझं कशात लक्ष नव्हतं. आणि दीडला तो घामाघूम होऊन रांगेत उभा!

"इकडं कुठं?"

"काम होतं जरा..."

"कसलं काम?"

"स्टेशनवर... घड्याळ बघायचं होतं."

रोज त्याचं स्टेशनवर काम निघायचं. वर्षभरात अंधेरीचीही वाट लागली आणि मी घाटकोपरला आले, जिथे शेवटची शाखा आणि मुख्य स्वयंपाकघर होतं. मग तो कामावरून सुटून घरी जाताना संध्याकाळी यायला लागला. एव्हाना त्याचे गाल वर आले होते आणि शर्टाचं पोटावरचं बटण कसंबसं तग धरून होतं.

"उसळीचं वेड म्हणजे भारीच," मी एकदा आमच्या आचाऱ्याला, धोंडिरामकाकांना म्हटलं.

काका हातातला झारा ठेवून माझ्याकडे बघतच राहिले. "माझी उसळ खावक मरोळसून कोण येवचो नाय गो. माका म्हायत आसा माझी उसळ कशी ती."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. आणि नेमकं तेव्हाच दोन गोष्टी झाल्या. साहेबांनी सांगितलं, शनिवारी शेवटचं जेवण, मग 'अन्नछाया' बंद. आणि बाबा म्हणाले, "गिरणी काय आता सुरू व्हायची नाही. रविवारच्या एस्टीने कुडाळला जाऊ. कायमचं." म्हणजे शनिवारपर्यंत नंदकुमार बोलला तर ठीक, नाहीतर मी तिकडे आणि तो इकडे. मी स्वतःहून बोलायचं तर जीभ रेटेना. मग मी काय केलं? उसळ वाढली. सोमवारी चार डाव, बुधवारी पाच. माझं सगळं प्रेम मी त्या डावाने वाढत होते आणि तो मुकाट्याने खात होता!

शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. तो आला. मी डाव भरला.

"नको," तो म्हणाला.

चार वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता. माझा हात तसाच राहिला. "का? ताजी आहे."

"मला उसळ आवडत नाही."

"काय?"

"कधीच आवडत नव्हती... कडधान्य बाधतं मला."

माझा संताप झाला आणि मी अहो-जाहो विसरले. "मग इतकी वर्षं गिळत का होतास?"

"तू वाढत होतीस ना! तू वाढलेलं टाकायचं कसं?" तोही एकदम तू-वर आला. "आई डबा देते. तो एक वाजता खायचा, मग धावत तुझ्याकडे. आता तर इथून घरी गेल्यावर परत आईसमोर बसावं लागतं. आई मला डॉक्टरकडे घेऊन गेली, मालन. म्हणाली, पोरगं का सुजतंय बघा."

"दोन-दोनदा जेवत होतास? अरे... मग यायचास तरी कशाला?"

मला ठाऊक होतं. पण ऐकायचं होतं.

"तुला बघायला," तो म्हणाला. "बोलायचं रोज ठरवायचो. पण तू वाढायचीस आणि मागचे ढकलायचे... आज मागं कुणी नाही, म्हणून बोलतोय. माझ्याशी लग्न करशील?"

आतून झारा पडल्याचा आवाज आला. धोंडिरामकाका कान लावून उभे होते.

"उद्या संध्याकाळी आम्ही गावाला चाललोय," मी म्हटलं. "कायमचे."

त्याचा चेहरा उतरला. "मग... सकाळी आईला घेऊन येऊ? बाबांशी बोलायला?"

"सकाळी नको."

"नको?"

"सकाळी बाबा सामान बांधतील, तेव्हा ते कुणाचं ऐकत नाहीत. आत्ता चल."

"आत्ता? असाच?"

"असाच!" मी काउंटरला वळसा घालून बाहेर आले. जवळून तो माझ्यापेक्षा चांगलाच उंच होता. इतक्या वर्षांत हे मला कळलंच नव्हतं.

भटवाडीत पोचलो, तर बाबा आजच गाठोड्याला दोरी बांधायला बसले होते. आई वळकट्या मोजत होती. नंदकुमार दारातच उभा राहून धडाधड सगळं बोलला — नाव, गाव, नोकरी आणि मी. बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता हाकलणार.

"म्हणजे आता कुडाळला जायचं," बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि महिन्याभरात लग्नाला परत इथं यायचं? एवढे हेलपाटे कोण घालणार? लग्न करूनच जाऊ."

आणि त्यांनी दोरीची गाठ सोडायला घेतली. मी तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने रडले.