ओडेसा प्रिंगलचा आवाज

नव्वदचा डिसेंबर. सौदीत कतीफच्या अलीकडे आमच्या कंपनीचं कंपाउंड होतं, भिंतीआडची वसाहत. युद्धाच्या भीतीने इंडियन स्कूल बंद पडलेलं, त्यामुळे विज्ञान शिकवणारी मी घरीच होते. शिरीष, माझा नवरा, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. रिक्रिएशन हॉलचा साउंडही त्याच्याच गळ्यात पडला होता. अमेरिकन सैनिकांसाठी तिथे जॅझचा कार्यक्रम ठरला, आणि गायिकांच्या खोलीत बाईमाणूस हवं म्हणून हॉलचा मॅनेजर हॉब्सन याने मला बोलावलं.

खोलीत एकच गायिका होती. सत्तरीची, उंच, कृष्णवर्णीय. स्वतःचा निळा झगा स्वतःच इस्त्री करत होती. मी नाव विचारलं तशी तिने इस्त्री उभी केली.

"ओडेसा प्रिंगल. पोरी, या दौऱ्यात नाव विचारणारी तू पहिलीच."

बाहेर शिरीष टेप तपासत होता. लॉरेन टिल्डनचं ते प्रसिद्ध गाणं लागलं. ते आमच्या नाशिकच्या घरीसुद्धा होतं. मी म्हटलं, "काय आवाज आहे हिचा!"

"माझा आहे," ओडेसा म्हणाली.

तिने सांगितलं ते असं. शिकागोचा एक स्टुडिओ, तिशीतली ओडेसा. गाणं तिने गायलं, कव्हरवर फोटो आला एका सोनेरी केसांच्या मुलीचा, नावही तिचंच. ओडेसाने आवाज उठवला तेव्हा ती जिथे गायची त्या न्यूयॉर्कच्या पोलिसांनी कुठलंसं निमित्त काढून तिचं क्लबात गायचं परवान्याचं कार्ड काढून घेतलं. कार्डाशिवाय दारूच्या जागी गाता येत नसे, आणि जॅझ दुसरीकडे चालतो कुठे? पुढची सगळी वर्षं ती दुसऱ्यांच्या मागे उभी राहून सूर धरत आली.

माझ्या डोळ्यांपुढे शिरीषचा पासपोर्ट आला, कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या इथल्या मालकाच्या कपाटात पडलेला. माझं डोकं तापलं. मी तिला घेऊन थेट हॉब्सनकडे गेले.

"यांना एकदा ते गाणं गाऊ द्या. यांच्या नावाने."

हॉब्सन हसला. "मॅडम, पोरांना टिल्डनची रेकॉर्ड हवीय. टेप लागेल. ही मागे उभी राहील. करारात तेवढंच आहे."

"टेपवर याच आहेत!"

"असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्या मला प्रत्येक गावात भेटतात."

ओडेसा चिडली नाही. तिने झग्याची घडी घातली. "मग माझं मी घेऊन जाते," एवढंच म्हणाली आणि दाहरानच्या विमानतळाकडे निघालेल्या गाडीत बसली.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. हॉब्सनने टिल्डनचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, शिरीषने टेप लावली. पियानो आला. बास आला. ड्रमवर ब्रश फिरू लागले. जिथे आवाज यायचा तिथे काहीच आलं नाही.

शिरीषने वायरी बदलल्या, मग टेप बदलली. हॉब्सनने घरून स्वतःची जुनी रेकॉर्ड मागवली. तीही तशीच. पियानो मधे थांबत होता, कुणाची तरी वाट बघितल्यासारखा, आणि पुढे जात होता.

"उलटी वायर असेल," मी कुजबुजले.

"रेकॉर्ड मोनो आहे, चारुता, सगळं एकाच ट्रॅकवर." शिरीषने प्लग पुन्हा काढून लावला. "गेलं तर सगळंच जाईल. फक्त आवाज कसा जाईल?"

तेवढ्यात सैनिकांनी ठरवलं, आपणच म्हणू. शब्द सगळ्यांना पाठ होते.

शेकडो तोंडं उघडली.

ओठ हलत होते. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या.

हॉलमध्ये फक्त पियानो वाजत होता.

एका पोराने घाबरून गळ्याला हात लावला. "सार्जंट!" त्याने हाक मारली, ती स्पष्ट ऐकू आली. तो पुन्हा गायला लागला. पुन्हा काही नाही.

हॉब्सन स्टेजवर चढला आणि माइकसमोर तोंड उघडून उभा राहिला. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही.

दौऱ्यातल्या पियानोवाल्याला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं, ओडेसा विमानात चढली, खिडकीला डोकं टेकून झोपली, आणि फ्रँकफर्टला उठवायला गेले तेव्हा उठली नाही. शवपेटीवर नाव काय लिहायचं, असं तिथल्या माणसाने दोनदा विचारलं म्हणे.

जानेवारीत युद्ध सुरू झालं. पहिला सायरन वाजला तेव्हा शिरीष आणि मी न्हाणीघरात शिरलो, विषारी वायू आत येऊ नये म्हणून दाराच्या फटींना चिकटपट्टी लावली, कंपनीने दिलेले गॅसचे मास्क चढवले. सायरन थांबला. मग बराच वेळ नुसती शांतता.

शिरीषने माझा दंड घट्ट धरला.

"चारुता, गाऊ नकोस," तो मास्कमधून म्हणाला. "प्लीज, आता नको."

मलाही ऐकू येत होतं. ते गाणं, पहिल्या ओळीपासून, ओडेसाच्या आवाजात, माझ्याच मास्कमधून येत होतं. मास्कच्या काचा आतून धुरकट होत होत्या.

माझे ओठ मिटलेले होते.