चौदा आडवे धागे

"फॉर्म आहे की पंचनामा? माणूस जिवंत आहे का, हे पण आता लुगड्याच्या पानावर भरायचं?"

प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे मितेश पुटपुटत होता. पार्टिशन इतकं पातळ की तो मनात बोलला तरी मला ऐकू येतं. मितेश फोटो काढतो, मी ते जोडते. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा. खाली पुठ्ठ्याची खोकी कापणारं मशीन दिवसभर धपधपत असतं. जुन्या कापडांचा अभ्यास करणारी कल्पिता लेख लिहिते आणि आम्ही तो वेबसाइटवर चढवतो. वाचणाऱ्यानं कापडाचं चित्र मोठं करत जावं, अगदी सुटा धागा दिसेपर्यंत. एका लुगड्याचे शहाण्णव फोटो, त्यांचं एक चित्र. मी वीस वर्षं फॉल-पिको केलं, ब्लाउज शिवले. हे काम व्हिडिओ बघून शिकले. काठाला काठ जुळवायचा, एवढंच. पाठ दोन्हीकडे सारखीच दुखते.

या खेपेचं लुगडं वेसाव्याच्या कोळीवाड्यातलं, शंभरावर वर्षांचं. चंदर नावाच्या कोळ्याच्या पणजीचं. ते घेऊन आली त्याची बायको मथुरा. ती इथल्याच बाजारात सुकी मासळी घेऊन बसते. चंदर दोन वर्षांपूर्वी नारळी पुनवेनंतर बोटीवर गेला.

"आला नाय अजून," मथुरा म्हणते. आम्हीही तसंच म्हणतो.

लुगडं पदराजवळ दोन बोटं फाटलेलं. त्यावर रफू, पण अर्धवट. उभे धागे सगळे ओढलेले, आडवे थोडेच भरलेले. मी भिंगाखाली मोजले: चौदा. पुरं व्हायला चाळीस लागले असते.

"हे जुनं नाय, मी केलंय," मथुरा म्हणाली होती. "आमच्या घरातली रीत हाय. माणूस पाण्यावर गेला की बाईनं या लुगड्यात रफू धरायचं. तो आला की पुरं करायचं. पुरं झालं म्हंजे माणूस घरात. तवा हे अर्धंच ऱ्हाऊ दे. कुणी हात लावायचा नाय. शपथ हाय तुमाला."

आम्ही तिघांनी मान डोलावली. मग वातावरण हलकं करायला की काय, ती मितेशच्या डब्यातल्या बांगड्याकडे बघून म्हणाली, "अरे, काय चिवडलंयस! माझा नवरा बघ, एकूण एक काटा ताटलीच्या काठाला लावतो. रांगेत. मांजर पण लाजंल."

लावतो, म्हणाली. आम्ही हसलो.

तर तो फॉर्म. लुगड्याचा मालक म्हणून चंदरचं नाव, आणि त्यापुढे एक खिडकी: हयात किंवा मयत. दोन्हीपैकी एक निवडल्याशिवाय पान सेव्ह होत नाही. मयत निवडलं की तारीख मागतं. कल्पिता मला म्हणाली, "कुंदाताई, तुम्हीच विचारा ना तिला. बायकाबायकांत." जशी काही ती स्वतः पुरुष होती. मितेश म्हणाला, "मी फक्त फोटो काढतो."

आठवडाभर कुणी विचारलं नाही. शेवटी एका मंगळवारी दुपारी, पाठ भरून आलेली, डोळे चुरचुरत होते, मी हयात दाबलं आणि पान सेव्ह केलं. मथुराच्या तोंडून आपण तेच ऐकलंय, असं मनाशी म्हटलं.

बुधवारी जोड तपासताना रफूवर आले. सवयीनं मोजलं. सतरा.

घाबरले वगैरे नाही. दोन फोटो एकमेकांवर चढतात तिथे कधी कधी तेच धागे दोनदा येतात. मी मूळ फोटो उघडला. तीन महिन्यांपूर्वीची तारीख, त्यानंतर कुणी हात न लावलेला. त्यातही सतरा.

मग कपाट उघडलं. पांढऱ्या खोक्यात, पातळ कागदाच्या घड्यांत लुगडं जसंच्या तसं होतं. भिंग लावलं. सतरा. शेवटचे तीन धागे बाकीच्यांपेक्षा जरा गडद. बोट लावलं. ओले होते.

"आधी तुम्ही चुकीचं मोजलं असेल," कल्पिता म्हणाली. तिनं लेखात चौदाचे सतरा केले.

गुरुवारी बावीस झाले. खोक्यात ओल शोषायला निळ्या दाण्यांच्या पुड्या ठेवतो, त्या सगळ्या गुलाबी झालेल्या. कपाटाच्या दाराशी वास होता, जेट्टीवर उतरल्या उतरल्या येतो तसा. मितेश म्हणाला, खालच्या बाजारातून येत असेल. बाजार खाली नाही, पार रस्त्यापलीकडे आहे, हे त्यालाही माहीत आहे.

मी कल्पिताला बोलावलं. तिनं भिंगातून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि जागेवर जाऊन लेखातला आकडाच काढून टाकला. "काही आडवे धागे," असं लिहिलं.

टाके सुबक होते, पण मथुराचे नव्हते. बाईचा हात मला कळतो. ते टाके जाळी विणणाऱ्याच्या हाताचे होते. प्रत्येक धागा गरजेपेक्षा जास्त ओढलेला.

शनिवारी एकतीस. सोमवारी अडतीस.

मी ती खिडकी उघडली. बाण मयतवर नेला. तिनं तारीख विचारली. कुठली घालणार? आणि मी कोण घालणारी? मी खिडकी बंद केली. स्वतःच्या नवऱ्याच्या मृत्यूच्या सर्टिफिकेटच्या रांगेत नंबर आला तेव्हाही मी मागच्याला पुढे जाऊ दिलं होतं. दोनदा.

मंगळवारी बारा वाजता पान लोकांसाठी खुलं व्हायचं होतं. त्याआधी मथुरा ते बघायला येणार होती. अकरालाच आली. पाटी नाही, डबा नाही. चेहरा धुतल्यासारखा.

स्टुलावर बसली. स्क्रीनकडे बघितलंच नाही.

"रफूला कुणी हात लावलाय?"

"नाही गं. शप्पथ."

"मग?"

मी चित्र मोठं करत गेले. काठ, पदर, धागे. भोक नव्हतं. चाळीस आडवे धागे, आणि शेवटी दोरा दातानं तोडलेला. टोक अजून ओलं, पिंजलेलं.

खालचं मशीन थांबलं होतं. मितेश पार्टिशनपलीकडे उभा राहिला असावा, त्याची खुर्ची वाजली.

"मी रोज त्याची ताटली वाढून ठेवते," मथुरा म्हणाली. "दोन वर्सं झाली. सकाळी मांजराला घालते. आज उठले, तर ताटली रिकामी."

"मांजरानं—"

"काटे व्हते, बाय. काठाला लावलेले. रांगेत."

माझ्या मागे उभ्या असलेल्या कल्पितानं डोळ्यांवर हात ठेवला.

मथुरानं पहिल्यांदा स्क्रीनकडे बघितलं. रफूकडे नाही. बाजूला फॉर्म उघडा होता, त्याकडे. तिला वाचता येतं, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

"हे कुणी लिवलं? हयात?"

"मी."

"काढ."

मी मयत निवडलं. खिडकीनं तारीख विचारली. माझा हात तिथेच थांबला.

"लिव," मथुरा म्हणाली. "दहीहंडीचा दिवस, त्याच वर्साचा. तो मेलाय, बाय. जेट्टीवर आणून दावला, तवा मी वलखला व्हता. हातावरचं गोंदण बघून वलखला. आन् हा माझा नवरा नाय म्हणून सांगितलं."