नाक खाली, विमान वर

विमानाचं नाक वर उचललं, की विमान खाली का पडतं? २०६८ सालच्या त्या सकाळी या कोड्याने ओवीला रडकुंडीला आणलं होतं. तिचं औषधवाहू विमान घारीएवढं, ती ते जमिनीवरून, पडद्यावर बघत चालवायची. समोर डोंगर आला की ती नाक उचले आणि विमान धोंड्यासारखं आपटे. असं दोनदा झालं होतं. आजच्या चाचणीत पुन्हा पडलं, तर परवाना हुकणार आणि डोंगरापलीकडच्या पाड्यावर लस पायीच न्यावी लागणार.

वृंदाआजी म्हणजे तिच्या बाबांची मावशी. तालुक्यातली पहिली विमान अभियंता. वय ब्याऐंशी, जीभ तिखट, पण ओवीवर भारी जीव. तिने सरळ ओवीच्या स्वेटरची बाही उसवली.

"आजी, नवा आहे तो."

"थंडीला अवकाश आहे अजून."

आजीने लोकरीचे तुकडे पंखाच्या पाठीवर चिकटवले आणि टेबलफॅन लावला. धागे विंचरल्यासारखे सरळ झोपले. तिने पंख थोडा तिरपा केला, मग आणखी. एकाएकी धागे भिरभिरले आणि उलटे फिरले.

"वारा पाठीला धरून वाहतो, तोवर उद्वहन (पंखाला वर उचलणारा जोर) मिळतं. नाक फार उचललं की वारा पाठ सोडतो. हा स्टॉल (उद्वहन एकदम ढासळणं)."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"धाग्यांनी. वातबोगद्यात (वारा सोडून पंख तपासायच्या जागेत) मी एकटीच बाई. सगळे म्हणाले, बाई विणायला आल्या. खूप रडले गं. मग आठ महिने धागे बघत बसले आणि पंखाचा आकार बदलला. ती विमानं अजून उडतात."

"आणि माझं पडायला लागलं तर?"

"नाक खाली. मन म्हणेल वर ओढ, तिथेच भलेभले फसतात. आणि चढायचं ते घाटाच्या रस्त्यासारखं, वळणं घेत."

दुपारी चाचणीसाठी लस घेऊन विमान निघालं. खिंडीत वारा आडवा आला, ओवीने सवयीने नाक उचललं आणि विमान कोसळू लागलं.  मन वर ओढ म्हणत असतानाच तिने नाक जमिनीकडे ढकललं. क्षणभर ते आणखी खाली गेलं. मग पंखाला वारा मिळाला, आणि वळणं घेत घेत ते डोंगर ओलांडून गेलं.

पाड्यावरच्या सिस्टरांचा निरोप आला, 'लस पोचली. इथल्या चार मुलींना विमान बघायचंय.'

"चार?" आजीचा आवाज ओला झाला. "नुसतं बघायला नको म्हणावं. बनवायला या, आम्ही शिकवू."

'आम्ही' कोण, हे ओवीला क्षणभराने कळलं. तिने निरोप लिहिला आणि खाली दोघींची नावं घातली.