गाडीची बांगडी

सावरझरीच्या शिवेवर मोहाचं एक जुनं झाड आहे. एप्रिल लागला होता, मोह टपटप गळत होता, आणि त्या सकाळी मंजुषानं त्या झाडाखाली एका नवरीला उतरवून रिकामी मोटार गावाकडे वळवली होती. मोटार म्हणजे साधीसुधी नव्हे हं! विलायती, साईच्या रंगाची, लांबलचक नाकाची, आणि टप मागे दुमडला की थेट आभाळाखाली उघडी. मागच्या तांबड्या सीटवर मोहाची चार फुलं पडली होती. मंजुषानं थांबून ती झटकली, तेवढ्यात नागभीडहून आलेल्या एस्टीतून एक तरुण उतरला आणि बॅग सावरत धावतच आला.

"सावरझरीलेच चाल्ली ना जी गाडी?"

उत्तराची वाट कोण पाहतो! मागचं दार उघडून स्वारी ऐटीत बसलीसुद्धा.

"तिथी नका बसू..."

"काऊन? रंग ओला आहे का?"

"रंग नाई हो... ती सीट..."

आता परक्या माणसाला सांगणार काय, कपाळ? मंजुषानं ओठ दाबले आणि गाडी सोडली. समोरच्या छोट्या आरशात तिला तो दिसत होता. केस वाऱ्यानं विस्कटलेले, बारीक मिशी, आणि डोळे... ते एका जागी ठरतच नव्हते. सीटची शिवण, दाराची कडी, टपाचे बंद, सगळं हात लावून लावून पाहत होते. मग ते आरशात आले आणि तिथे मात्र थांबले. मंजुषानं घाईनं रस्त्याकडे पाहिलं.

गाव आलं, आणि जे व्हायचं तेच झालं. शाळेपुढे टोपली मांडून बसलेली कमरजहाँ बांगडीवाली टाळी वाजवून ओरडली, "अगे देखो, देखो! नवरी वापस आ गई! आन मिशीवाली!"

दारादारांतून बायका बाहेर आल्या. पदर तोंडाला, आणि हसता हसता पुरेवाट.

"मी काई चुकलो का?" त्यानं पुढे वाकून विचारलं.

"थोडं. तुमी नवरी झाले."

"अरे बाप! मग नवरदेव कोण?"

मंजुषानं काही कारण नसताना गिअर बदलला.

गोष्ट अशी होती. सावरझरीचे मालगुजार, म्हणजे जुने जमीनदार, गुणवंतराव यांनी छप्पन्न साली स्वतःच्या लग्नासाठी ही मोटार आणली. ती रेल्वेनं नागभीडला उतरली आणि ड्रायव्हर लटारूनं तिथूनच नवरीला बसवून ती बारा मैल चालवत गावात आणली. नव्या मालकीणबाईंनी दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं की मी जशी हिच्यात बसून आले, तशी या गावची प्रत्येक लेक हिच्यात बसून जाईल. जात कोणती, घर केवढं, काही पाहायचं नाही. तेव्हापासून घरापासून शिवेपर्यंत एक मैल नवरीला न्यायचं, मोहाखाली उतरवायचं, आणि एक मैल रिकामं परत यायचं. शिवेपलीकडे मोटार कधी गेली नाही. मागची सीट भरून जायची, रिकामी यायची. बेचाळीस वर्षांत ती पहिल्यांदा भरून परत आली होती, ती या मिशीवाल्याला घेऊन.

लटारू मंजुषाचा बाप. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्याची नजर गेली, तेव्हा अठरा वर्षांच्या पोरीनं चंद्रपूरहून लायसन्स काढून आणलं आणि स्टिअरिंग हातात घेतलं. गुणवंतराव खूश होऊन म्हणाले होते, "मंजे, तुह्या लग्नात तू मागं बसशील. चालवीन मी सोता!"

तिच्या मैत्रिणी सासरी गेल्या, मैत्रिणींच्या धाकट्या बहिणीही गेल्या. मंजुषाला पाहायला पाहुणे यायचे, पोरगी मोटार चालवते म्हणून कळलं की चहा पिऊन जायचे. पुढं बहुतेक काही कळवायचेच नाहीत.

"मी प्रफुल," मालगुजारांच्या फाटकात उतरताना तो म्हणाला. "चंद्रपुरात जुन्या गाड्या तपासतो. नागपूरचे एक शौकीन साहेब ही गाडी विकत घेऊन राह्यले. मीटर खरा आहे का तेवढं पाहून रिपोर्ट द्यायचा आहे. रिपोर्ट बरा गेला, तर शुक्रवारी ट्रक येईल."

मालकीणबाई गेल्यापासून मालकांना घर खायला उठतं, ते लेकीकडे नागपूरला राहायला जाणार, मोटार विकणार, हे मंजुषाला ठाऊक होतं. पण शुक्रवार? आज तर मंगळवार होता.

प्रफुलनं मीटरवर बोट ठेवलं. "चौदाशे वीस मैल. बेचाळीस वर्षांत! एवढी तर माही स्कूटर सहा महिन्यांत फिरते. एक तर मीटर बंद होता, नाई तर कोणी मागं फिरवला."

ओसरीवर काठी घेऊन बसलेल्या लटारूनं मान वर केली. "साहेब, मी त्या मीटरले हात नाई लावला. कधीच नाई."

आवाज इतका बारीक झाला होता की मंजुषाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि पाठोपाठ राग.

"माह्या बाबाले खोटं म्हणता?"

"मी कोणालेच काई म्हणत नाई," तो शांतपणे म्हणाला. "मले फक्त समजून घ्यायचं आहे."

आणि खरंच, त्याला समजून घ्यायचंच होतं. तो गाडीखाली झोपला, टायरांवरून तळहात फिरवला, पेडलं निरखली. त्याचं बोलणं गाडीशी चाललं होतं की आपल्याशी, हेच मंजुषाला कळेना.

"गंमत पाहा. अॅक्सिलेटरचं रबर कोरं, आन ब्रेकचं झिजलेलं. ही गाडी धावली कमी, थांबली जास्त. काऊन?"

"बायका रडतात ना जी. दर दोन दारांले थांबा लागते. मावशी येते, काकू येते..."

"आन तुमी?"

"मी काय?"

"तुमी रडता का?"

"मी समोर पाहतो. ड्रायव्हरनं समोर पाहावं."

तो क्षणभर तिच्याकडे पाहतच राहिला. मग त्यानं गंज पाहायला म्हणून मागची सीट उचलली आणि तसाच थबकला. सीटखालचा खोलगट भाग हिरव्या काचेच्या बांगड्यांनी भरलेला होता. जुन्या, नव्या, जाड, बारीक... उन्हात सगळ्या एकदम चमकल्या.

"हे काय?"

कमरजहाँ त्या मिशीवाल्या नवरीला जवळून पाहायला मागोमाग आलीच होती. तीच म्हणाली, "गाडी की बांगडी है, बेटा. चुडा भरते वक्त मी एक ज्यादा भरतो. माझ्याआधी माझी सास भरायची. मोहाखाली उतरताना नवरी ती काढते आन सीटखाली टाकते. एक नवरी, एक बांगडी."

प्रफुलचे डोळे लकाकले. त्यानं अंगणात चादर अंथरली आणि त्या दोघींना घेऊन मोजायला बसला. दुपारभर किणकिण चालली. मध्येच दोघांचा हात एकाच बांगडीवर पडायचा... आणि मग कोणी तरी आकडा विसरायचं.

"सातशे तीन," तो शेवटी म्हणाला. "जाऊन-येऊन दोन मैल, म्हणजे चौदाशे सहा. स्टेशनापासूनचे बारा. चौदाशे अठरा! आकडा नेहमी समच येते, काऊन का गाडी गेली की परत येतेच." त्यानं डोकं खाजवलं. "पण मीटर दोन मैल जास्त आहे. एक फेरा कोणाचा?"

लटारू म्हणाला, मला ठाऊक नाही. मंजुषा चादरीवरच्या बांगड्या गोळा करत राहिली.

"लिहू का मग, हिशोब लागत नाई म्हणून?" जाताना प्रफुलनं हळूच विचारलं. "सौदा मोडंल. गाडी इथीच राहील... तुमाले तेच पाह्यजे ना?"

त्याला कसं कळलं? मंजुषाला हो म्हणायचं होतं. अगदी जिभेवर आलं होतं.

"उद्या सांगतो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रफुलनं शेडचं दार उघडलं तेव्हा मंजुषा गाडी पुसत होती. तो मीटरकडे वाकला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. मग त्यानं मागच्या सीटच्या घडीतून काहीतरी चिमटीत उचललं. मोहाचं फूल होतं, टवटवीत, आत्ताच गळलेलं.

"काल इथी एकही फूल नव्हतं. आन मीटर झाला चौदाशे बावीस." त्यानं फूल तळहातावर ठेवून तिच्यापुढे धरलं. "शेडमध्ये मोह कसा गळला, मंजुषाबाई?"

ती पुसायचं थांबली.

"मीच गेलो होतो. उजाडता उजाडता." ती फडक्याची घडी घालत बोलत राहिली. "तो जास्तीचा फेराही माहाच. दोन वर्षं झाली. एक पाव्हणे मले पाहून गेले आन... निरोप आला, ड्रायव्हर नाई पाह्यजे, सून पाह्यजे. त्या दिवशी गाडी घेऊन मोहाखाली गेलो. मागच्या सीटवर जाऊन बसलो. तिथून कसं दिसते ते पाह्यचं होतं... एवढंच. आज पुन्हा गेलो. गाडी चालली ना. मग कधी बसणार?"

"मग बांगडी काऊन नाई टाकली?"

"टाकू कशी? मी कुठी गेलोच नाई. परत आलो."

प्रफुलनं फूल अलगद बॉनेटवर ठेवलं.

"हे सांगितलं नसतं, तर गाडी राह्यली असती," तो म्हणाला.

"राह्यली असती. पण लोक म्हणाले असते, लटारूनं मीटर फिरवला. माह्या बाबाजोळ दुसरं काय आहे जी? बेचाळीस वर्षांचं इमान, ते त्या मीटरातच आहे. लिहा तुमी, मीटर खरा आहे म्हणून."

प्रफुलनं कागद काढला, बॉनेटवर ठेवला आणि लिहिलं. मग वाचून दाखवलं, "मीटर अस्सल. दोन फेरे मागच्या सीटच्या तपासणीसाठी."

रडता रडता तिला हसू फुटलं.

"मंजुषा," पहिल्यांदाच त्यानं मागचं बाई गाळलं, "एक सांगा. परत आलेल्या नवरीचं काय करता तुमच्या गावात?"

"आजवर कोणी परत आलीच नाई."

"आता आली ना! मिशीसकट. तिले सोबत घेऊन जाणारं कोणी तरी लागंलच की..." चेष्टेचा सूर मध्येच गळून पडला. "मी काल दिवसभर गाडी तपासत होतो असं सगळ्यांले वाटलं. मी तुमालेच पाहत होतो. मले ड्रायव्हर पाह्यजे आन सूनही पाह्यजे, माह्या आईले. आन मले... मले तुमी पाह्यजे. बसाल का मागं? खरंखुरं?"

मंजुषानं बॉनेटवरचं फूल उचललं. मुठीत घट्ट धरलं.

"आधी बाबाले विचारा," ती म्हणाली. पण तिचा चेहराच सगळं सांगून मोकळा झाला होता.

गुणवंतरावांनी नागपूरला चिठ्ठी धाडली की गाडी माझ्या मंजीच्या लग्नानंतरच मिळेल, आणि सीटखालच्या बांगड्या काढायच्या नाहीत. साहेब खरेच शौकीन निघाले. त्यांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या. मधल्या दिवसांत गावच्या आणखी चार नवऱ्या मंजुषानं शिवेवर पोचवल्या.

अक्षय तृतीयेला लग्न लागलं. प्रफुल वऱ्हाड घेऊन रिवाजाप्रमाणे शिवेवर पुढे जाऊन थांबला. मंजुषा शालू नेसून, हिरवा चुडा भरून मागच्या सीटवर बसली. पुढे लटारू, आणि स्टिअरिंगवर गुणवंतराव, अगदी शब्द दिल्याप्रमाणे! गाडी आचके देत चालली होती आणि मागून नवरीच्या सूचना चालल्या होत्या, "मालक, क्लच हळू सोडा... मालक, समोर म्हैस आहे..."

दर दोन दारांनी गाडी थांबली. मावशी आली, काकू आली, कमरजहाँ तर टोपली टाकून धावत आली. आणि सहा वर्षं समोर पाहणारी मंजुषा पहिल्यांदाच आजूबाजूला पाहत ओक्साबोक्शी रडली.

मोहाला तांबूस पालवी फुटली होती. शिवेच्या दगडापलीकडे मोटार न्यायला आलेला ट्रक उभा होता, मागे दोन फळ्या लावून. ट्रकवाल्यानं फळ्यांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि हात वर केले. "आपल्यानं नाई होणार. घसरली तर?" गुणवंतराव तर केव्हाच खाली उतरून घाम पुसत होते. सगळ्यांनी नवरदेवाकडे पाहिलं.

"मी... मी फक्त तपासतो जी," प्रफुल पुटपुटला.

मंजुषानं डोळे पुसले. मागून उतरली, पदर कमरेला खोचला आणि ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मोटारीनं शीव ओलांडली. चाकं फळ्यांवर आली, फळ्या करकरल्या... आणि लांब नाकाची ती मोटार अलगद ट्रकमध्ये जाऊन उभी राहिली.

तिनं इंजिन बंद केलं. मागच्या सीटवर हात ठेवून थोडा वेळ नुसती बसली. मग डाव्या हातातली एक जास्तीची बांगडी काढली आणि सीटखाली सोडली. किण्ण झालं.

खाली लटारू काठीवर हनुवटी टेकून उभा होता. "मंजे, मीटर किती झाला?"

"चौदाशे एकतीस, बाबा."

"एकतीस?" म्हाताऱ्यानं बोटांवर हिशोब केला. पुन्हा केला. आकडा विषम होता. त्याचे न दिसणारे डोळे भरून आले आणि तोंडभर हसू पसरलं. "म्हणजे या खेपेला परत नाई आली."

बापाच्या गळ्यात पडून ती रडली, पोटभर रडली. ट्रक गेला, धूळ बसली. वऱ्हाडाची भाड्याची जीप मोहाखाली उभी होती. तिच्या ड्रायव्हरला प्रफुलनं केव्हाच वऱ्हाडाच्या मेटॅडोरमध्ये बसवून दिलं होतं. आता त्यानं खिशातून किल्ली काढली आणि थोडा घाबरत, थोडा हसत तिच्यापुढे धरली.

मंजुषानं नाक पुसलं. किल्ली घेतली.

"तुमी बसा मागं," ती म्हणाली. "सवय आहे तुमाले."