पावणेसहाची ढिली वायर

तो दुकानात शिरला आणि त्याने काही बोलायच्या आतच तिने त्याला खुर्चीत बसवलं. चष्म्याच्या दुकानात एखादा माणूस डोळे बारीक करून भिंती न्याहाळत आला, तर त्याला नंबर लागलाय हे ओळखायला वेगळी पदवी लागत नाही. तिने त्याचा एक डोळा झाकला, समोरची अक्षरं वाचायला लावली. त्याने मुकाट्याने शेवटच्या बारीक ओळीपर्यंत वाचली. मग दुसऱ्या डोळ्यानेही.

"नजर उत्तम आहे तुमची," ती जरा हिरमुसून म्हणाली.

"आभारी आहे. आता वाय-फायचं मशीन कुठे लावायचं, ते दाखवता?"

"अहो, मग आधी सांगायचं ना..."

"तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

तिच्या काकांची चष्म्याची चार दुकानं, एकमेकांपासून दहा-दहा मिनिटांच्या चालीवर. चष्मा तयार होईपर्यंत ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांना वाय-फाय द्यावं, ही कल्पना तिचीच. गिऱ्हाइकाने नाव आणि फोन नंबर भरायचा; एका दुकानात नोंद झाली की बाकीच्या तिन्ही दुकानांनी त्याला न विचारता ओळखायचं. ओळखतात की नाही हे बघायला कुणीतरी गिऱ्हाईक होऊन फिरणं भाग होतं. तिने पहिल्या दुकानात स्वतःचं नाव भरलं, आणि दोघं निघाली.

पुढचे तीन दिवस ती गल्ल्यागल्ल्यांतून त्याच्याबरोबर चालली. तिला लागू नये म्हणून तो जड पिशवी पलीकडच्या खांद्यावर घ्यायचा, आणि घेतली हे तिला कळू नये म्हणून दुकानांच्या पाट्या वाचायचा. पण तिची नजरही काही अधू नव्हती. चौथ्या दुकानाने तिला पाहताक्षणी ओळखलं. काम फत्ते झालं... आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्याच संध्याकाळी पहिल्या दुकानातलं वाय-फाय बंद पडलं. तो आला, मशीनमागची निसटलेली वायर बसवली, आणि वायर बसवायला लागलेल्या एका मिनिटानंतर पाऊण तास गप्पा मारून गेला. पुढच्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. वायर कोण काढत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही: तीच.

चौथ्या सकाळी काकांनी सांगितलं, की त्याच्या साहेबांना फोन करून त्यांनी तक्रार केलीय. असा धांदरट माणूस नको, दुसरा पाठवा. खोडी तिची, आणि नोकरी जायची त्याची.

"काका, वायर मी काढते," ती म्हणाली.

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "कमाल आहे. साहेब म्हणाले, पोराने स्वतःच कबूल केलंय. वायर त्याच्या हातून ढिली राहिली म्हणे. आज संध्याकाळी तोच येऊन पक्की करणार आहे."

संध्याकाळी तो आला तेव्हा ती मशीनपाशीच उभी होती.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून. मशीन वेळ टिपून ठेवतं. एकाच दुकानात, रोज बरोबर पावणेसहाला वायर निघते. उंदीर इतके वक्तशीर नसतात."

"मग साहेबांना असं का सांगितलंत? तुमच्यावर शेकलं असतं ना..."

"खरं सांगितलं असतं, तर साहेबांनी मला परत इकडे पाठवलंच नसतं."

लोकांच्या चुका पकडण्यात तिचा हातखंडा. पण तिची चूक आजवर कुणी आपल्या अंगावर घेतली नव्हती.

"उपकार झाले तुमचे," ती हळूच म्हणाली.

"उलट तुमचे माझ्यावर. मला परत यायला एकही कारण सापडत नव्हतं... नजर अशी उत्तम, की चष्माही मागता येईना. तुम्ही तीन कारणं दिलीत."

ती हसली, आणि मग किती तरी वेळ दोघांपैकी कुणीच वायरकडे पाहिलं नाही.

गल्ल्यावरून काका खाकरले. "मग? उद्या काय बिघडणार आहे?"

"उद्या काही बिघडणार नाही, काका," ती म्हणाली. "उद्या हे असेच येणार आहेत."